साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

1989 साली मी दादरच्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागलो. काम सोपे होते, जुने नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवून काढायचे. एके दिवशी माटुंग्याच्या एका तीन मजली इमारतीचा जुना सेक्शन हाती आला. भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे जाणारी एक तिरकी, तुटक रेषा त्यावर होती आणि कोनात बारीक अक्षरांत 63½ असे लिहिलेले होते. हेड ड्राफ्ट्समनना विचारले, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, ‘‘उजेडाचा कोन आहे तो. आता लागत नाही. सोडून दे.’’

मी ती रेषा सोडून दिली. नकाशा पास झाला, पण रेषा डोक्यात राहिली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. रविवारी ग्रंथालयांत बसून, जुने अहवाल चाळून जे हाती आले तेवढेच माझे भांडवल. या कोनाचा माग काढायला मला पंधरा-वीस वर्षे लागली आणि तो माग मला नगररचनेच्या पुस्तकांतून थेट 1896च्या प्लेगमध्ये घेऊन गेला. घरात राहणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांशी या शहराने केलेल्या झुंजीची ती गोष्ट आहे. आधी चुकीच्या जागी लढलेल्या, मग चुकूनच बरोबर ठरलेल्या आणि शेवटी विसरून गेलेल्या झुंजीची.

सप्टेंबर 1896मध्ये मांडवी भागात लोक तापाने पटापट मरू लागले. बंदराला लागून असलेली ही धान्याच्या वखारींची वस्ती. खाली गोदाम, वर बिऱ्हाडे. तिथे दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे आणि महापालिकेच्या स्टँडिंग कमिटीचे सभासद. काखेत आणि जांघेत गाठी आलेले रोगी पाहून त्यांनी निदान केले आणि 23 सप्टेंबरला कमिटीपुढे सांगितले की हा प्लेग आहे. प्लेगचा जंतू तोवर सापडलेला होता. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिनने तो गाठीतल्या पुवात पाहिला होता. पण तो एका माणसातून दुसऱ्यात कसा जातो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अशा वेळी माणूस जुन्या समजुतीला नवे नाव देतो. आधीच्या पिढीतले आरोग्य अधिकारी म्हणत, दमट जमिनीतून, तुंबलेल्या गटारातून, कोंदट खोलीतून विषारी वाफ निघते आणि रोग होतो. आता वाफेच्या जागी जंतू आला, पण पत्ता तोच राहिला. जंतू जमिनीत आहे, शेणाने सारवलेल्या मातीत आहे, भिंतीच्या पोपड्यात आहे, गोधडीत आहे, धान्याच्या पोत्यात आहे. रोगी म्हणजे नुसती खूण, खरा रोग घरालाच झाला आहे, असे जवळजवळ सगळे अधिकारी मानत होते.

मग रोग्याआधी घरावर उपचार सुरू झाले. बंबांनी गटारे धुतली. कार्बोलिक ॲसिड आणि पाऱ्याच्या क्षारांचे पाणी खोल्याखोल्यांतून फवारले. भिंतींना चुना मारला. जमिनी खणून वरची माती उचलली. आत ऊन पडावे म्हणून छपरांवरची कौले काढली, खोल्यांमधल्या पार्टिशनच्या भिंती पाडल्या. अंथरुणे, चटया, कपडे रस्त्यावर आणून जाळले. ज्या घरात रोगी सापडे त्या घरावर रंगाने वर्तुळ काढून तारीख लिहीत. त्या काळच्या छायाचित्रांत अशी वर्तुळे दिसतात. काही दारांवर तर ओळीने चार-पाच. जी घरे राहण्यालायक नाहीत असे ठरे त्यांच्यावर ‘यू.एच.एच.’ ही इंग्रजी अक्षरे येत. ‘अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन’चा तो संक्षेप. अक्षरे वाचता न येणाऱ्यालाही त्यांचा अर्थ चांगलाच कळत असे.

लोकांचा राग समजण्यासारखा होता. 29 ऑक्टोबर 1896 रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. 1897च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, देवघरापर्यंत बूट गेले, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झाले ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. आपण ती हकीकत राजकारण म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या झडतीमागे एक शास्त्रीय समजूत होती आणि ती चूक होती, ही बाजू मात्र आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही.

गावाकडच्या लोकांना यातले एक वर्म माहीत होते. घरात उंदीर पडू लागले की बाहेर माळावर झोपड्या घालून राहायला जायचे. उंदीर का मरतात हे त्यांना सांगता येत नव्हते, पण उंदीर मेल्यावर घर सोडले की माणूस वाचतो हे त्यांनी पाहिले होते. मुंबईतूनही 1897च्या सुरुवातीच्या महिन्यांत लाखो लोक पळाले. सरकारी कागदांत त्याला घबराट म्हटले आहे.

1898च्या जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू उडून जाऊ शकेल अशी मांडणी. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगनेच मेला. सिमाँने हे त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापले. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने मात्र ते फारसे विचारात घेण्याजोगे मानले नाही. जमिनी खणण्याचे काम चालू राहिले.

ही गाठ अखेर मुंबईतच सुटली आणि ती सोडवली गिनीपिगांनी. कॅप्टन ग्लेन लिस्टन हा लष्करी डॉक्टर परळच्या प्रयोगशाळेत काम करत होता. हीच पुढची हाफकिन इन्स्टिट्यूट. 1903मध्ये एका चाळीत आधी उंदीर मेले आणि मग माणसे तापाने पडू लागली, असे त्याच्या कानावर आले. त्याने तिथल्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. 30 पिसवांपैकी 14 उंदराच्या जातीच्या निघाल्या. यजमान मेल्यावर उपाशी पिसवा माणसाकडे वळल्या होत्या. मग त्याने प्लेगच्या खोल्यांत गिनीपिग मोकळे सोडले. त्या मुक्या जिवांनी रात्रभर खोलीत फिरून सगळ्या पिसवा अंगावर गोळा करून आणल्या. 1904च्या अखेरीस त्याने हे सगळे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडले. पक्षी आणि फुलपाखरांचे शौकीन जिथे जमत, तिथे हा निबंध वाचला गेला, याची मला नेहमी गंमत वाटते.

पुढच्याच वर्षी नव्या संशोधन कमिशनने परळच्या आवारात प्रयोगासाठी लहान लहान खोपटी बांधली. छपरांचे प्रकार वेगवेगळे ठेवले, काहींत उंदरांना कौलांखाली घर करता येई, काहींत नाही. त्यांत गिनीपिग ठेवले. ज्या खोपटांत पिसवा नव्हत्या तिथे आजारी आणि निरोगी जनावरे एकत्र राहिली, एकाच थाळीत खाल्ले, प्लेगने आजारी मादीचे दूध तिची पिल्ले प्यायली, तरी रोग पसरला नाही. पिसवा शिरल्या की जनावरे मरू लागली. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, दुसरा दोन फुटांवर. खालच्यातला गिनीपिग मेला, वरचा जगला. पिसू सुमारे चार इंचांहून उंच उडत नाही, एवढेच त्याचे कारण.

आणि मग जमीन. कमिशनने शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि चुन्याच्या कोब्यावर मुद्दाम प्लेगच्या जंतूंचे भरपूर शिंपण केले आणि किती वेळाने ती जमीन निर्धोक होते ते पाहिले. शेणाची जमीन 48 तासांनी, चुन्याची 24 तासांनी. बस. ज्या जमिनी दहा वर्षे खणल्या, ज्यांच्यावर पिंपेच्या पिंपे औषध ओतले, त्या दोन दिवसांत आपोआप निर्जंतुक होत होत्या. (यावरून शेणात काही अद्भुत गुण असल्याचा निष्कर्ष कोणी काढू नये. याच प्रयोगात चुना शेणाच्या दुप्पट वेगाने काम करताना दिसतो. मला दर दिवाळीला फोनवर येणारे सारवणमाहात्म्य मी याच कारणाने पुढे पाठवत नाही.)

घर निर्दोष होते असे नव्हे. वर कौले, खाली धान्य, सज्जात साचलेला कचरा आणि दोन चाळींमध्ये मैला नेण्यासाठी सोडलेला हाऊसगल्लीचा चिंचोळा बोळ. उंदराला याहून चांगले माहेर मिळणार नाही. पण घराने पोसले ते उंदीर, जंतू नव्हेत. माझा स्वतःचा अंदाज असा की कौले काढणे, जमिनी खणणे, गटारात बंब सोडणे यांनी उंदीर एका घरातून शेजारच्या घरात हुसकले गेले असणार आणि रोगाला त्याने मदतच झाली असेल.

हा उलगडा होईपर्यंत शहराच्या अंगावर मोठी शस्त्रक्रिया सुरू झालेली होती. 1898 साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, समुद्राची हवा आत आणायची, मोकळ्या जागांवर नवी वस्ती वसवायची, असा त्याचा हेतू. पहिली योजना नागपाड्याची. मग प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे दादर, माटुंगा, शीव. 1901च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईतली दहापैकी आठ माणसे एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. त्यांची खोली पाडली की ती जाणार कुठे? अर्थात शेजारच्या गल्लीत, दुसऱ्याच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून. ट्रस्टने पहिल्या वीस वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्याही बांधल्या नाहीत. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने या सरसकट पाडापाडीवर टीका केली ती याचसाठी. ट्रस्टने बांधलेल्या ज्या चाळी आज उभ्या आहेत त्यांना आपण बी.आय.टी. चाळी म्हणतो. परळच्या अशाच एका चाळीत 1912पासून सुमारे वीस वर्षे आंबेडकर कुटुंबाचे बिऱ्हाड होते.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर हे आय.सी.एस. अधिकारी. जून 1912मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले. ‘लाइट अँड एअर इन ड्वेलिंग्ज इन बॉम्बे’ या नावाने ते छापले गेले. माझी तुटक रेषा मला तिथे भेटली.

नियम असा. खोलीला बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडणारी खिडकी हवी. आणि त्या खिडकीसमोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा नको. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यात गूढ काही नाही. त्या कोनात उंची ही अंतराच्या बरोबर दुप्पट येते. समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट मोकळे सोडा. शाळेतला त्रिकोण आठवणारा कोणीही गवंडी हे दोरीने मापू शकतो. कोन मूळचा लंडनचा. 1894च्या लंडन बिल्डिंग ॲक्टमध्ये घराच्या मागच्या बाजूला हीच रेषा आहे. ऑरसाहेबांनी ती मुंबईच्या चाळीला आणि हाऊसगल्लीला लावून पाहिली. शहराचे जुने भाग या कसोटीवर सपशेल नापास होते. तीन-चार मजली चाळी आणि मध्ये हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या.

ट्रस्टने हा नियम आपल्या मालकीच्या नव्या प्लॉटांवर लावला. म्हणून माटुंग्याच्या नकाशावर ती रेषा. दादर-माटुंग्याच्या जुन्या कॉलन्यांत आजही दुपारी दिवा लावावा लागत नाही, त्याचे श्रेय बरेचसे तिलाच आहे. उरलेल्या शहरावर तो लादणे सोपे नव्हते. महापालिकेत घरमालकांचे वजन होते आणि एक फूट मोकळी जागा म्हणजे एक फूट भाडे कमी, हे गणित त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

मला खटकले ते वेगळेच. 1912पर्यंत उंदीर आणि पिसू यांचा उलगडा होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. प्लेगला उजेडाशी फारसे देणेघेणे नाही हे ऑरना ठाऊक असणार. मग उजेडासाठी इतका आटापिटा कशाला? उत्तर असे की प्लेगने हलवून जागे केलेले शहर आता दुसऱ्या, संथ रोगाकडे पाहू लागले होते. क्षय. प्लेग हंगामात येई, क्षय बारमाही होता. प्लेगची वर्तुळे दारांवर निघत, क्षयाची कोणी काढत नसे.

क्षयाच्या जंतूबद्दल रॉबर्ट कॉखने 1882मध्येच सांगितले होते. 1890मध्ये त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली, थेट उन्हात हे जंतू काही मिनिटांत ते काही तासांत मरतात. खिडकीजवळच्या साध्या उजेडातही मरतात, फक्त पाच-सात दिवस लागतात. म्हणजे प्लेगच्या निमित्ताने घरात उजेड आणायला निघालेले लोक, कारण चुकले तरी, दुसऱ्या रोगाच्या बाबतीत योग्य दारात जाऊन उभे राहिले होते.

पण क्षयाचा जंतू घरात नेमका कुठे असतो, हे ठरायला आणखी अर्धे शतक गेले आणि पुन्हा गिनीपिगच कामी आले. तोवर डॉक्टर धुळीला, थुंकीला, भांड्यांना दोष देत. 1956पासून अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या सहा खाटांच्या वॉर्डमधली सगळी हवा नळीने वर नेऊन गिनीपिगांच्या कोठीत सोडली. त्या जनावरांना रोग्यांची थुंकी, कपडा, भांडे काहीच लागले नाही, फक्त हवा. तरी सरासरी महिन्याला तीन गिनीपिगांना लागण होत राहिली. नळीत अतिनील किरणांचे दिवे लावल्यावर ती थांबली. परळच्या खोपटात जे जनावर जमिनीपासून दोन फुटांवर सुरक्षित होते, ते इथे कितीही उंचीवर नव्हते. खोकल्यातून निघालेले अतिसूक्ष्म कण कोंदट खोलीच्या हवेत तासन् तास तरंगत राहतात. खिडकी उघडी असली की विरळ होतात, नसली की साचतात.

1974मध्ये, मी पाच वर्षांचा असताना, लालबागच्या चाळीत तळमजल्यावर राहणारे माझे धाकटे काका क्षयाने गेले. त्यांच्या मागे खोलीचे काय केले ते मी आईकडून अनेकदा ऐकले आहे. गादी जाळली. फरशी फिनेलने तीन वेळा धुतली. भांडी उकळली. भिंतींना चुना दिला. शेजारच्यांनी महिनाभर दारावरून जाताना तोंडाला पदर लावला. त्या खोलीला एकच खिडकी होती, हाऊसगल्लीत उघडणारी. घाण वास येतो म्हणून ती कित्येक वर्षांपूर्वी फळ्या ठोकून बंद केलेली होती. तिला कोणी हात लावला नाही. पुढल्या महिन्यात तिथे दुसरे बिऱ्हाड आले.

चूक त्यांची एकट्याची नाही. कोविडच्या पहिल्या महिन्यांत आपणही भाजीच्या पिशव्या साबणाने धुतल्या, लिफ्टची बटणे पुसली, रस्त्यावर औषध फवारले आणि खिडक्या लावून घेतल्या. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट जमिनीवर आणि वस्तूंवरच असणार असे मनाला वाटते. हवेला धुता येत नाही, कदाचित म्हणूनच असेल.

गेल्या वीसेक वर्षांत घरातल्या सूक्ष्मजंतूंचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. धुळीतल्या जनुकांवरून त्या घरात कोणकोणते जंतू आहेत याची यादी काढता येते. अमेरिकेत सात कुटुंबांच्या घरांवर सहा आठवडे असा पहारा ठेवला आणि 2014मध्ये निष्कर्ष छापले. दाराची मूठ, ओटा, फरशी, सगळीकडे मुख्यतः त्या घरातल्या माणसांच्याच अंगावरचे जंतू. एक कुटुंब हॉटेलच्या खोलीतून नव्या घरात राहायला गेले, तर एका दिवसात नव्या घराचे जंतू त्या कुटुंबाचे झाले. घराला रोग असतो आणि तो माणसाला लागतो, ही 1896ची समजूत यात जवळजवळ उलटी होते. माणूस आपले अदृश्य बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडतो. घर फक्त त्यातले कोण टिकणार ते ठरवते.

आणि ते उजेडाने ठरते. ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी बाहुलीच्या घराएवढ्या सारख्या खोल्या बनवल्या, त्यांत खऱ्या घरांतली धूळ टाकली, काहींना उजेड दिला, काही अंधारात ठेवल्या आणि तीन महिने थांबले. 2018मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार अंधारातल्या धुळीत सरासरी 12 टक्के जंतू जिवंत होते. काचेतून आलेल्या साध्या उजेडातल्या धुळीत 6.8 टक्के. केवळ अतिनील किरणांत 6.1. म्हणजे काच लावलेल्या खिडकीतला साधा उजेडही जवळपास अर्धे काम करतो. ऑरसाहेबांना हा आकडा मिळाला असता तर व्याख्यान आणखी अर्धा तास लांबले असते.

मुंबईला यातले काही नवीन शिकायचे नव्हते, विसरायचे मात्र बरेच होते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत थोड्या जमिनीवर जास्तीत जास्त घरे बसावीत म्हणून इमारतींमधल्या मोकळ्या जागेची अट सैल करण्यात आली. उद्देश वाईट नव्हता. झोपडीतल्या माणसाला पक्के घर, आत नळ, आत संडास. ज्याने हंडा घेऊन रांगेत अर्धे आयुष्य काढले त्याच्यासाठी हे काय आहे, ते माटुंग्याच्या गॅलरीत बसून कमी लेखू नये. पण गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींत पाच-सात मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या राहिल्या.

2018मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आय.आय.टी. मुंबईचे अभ्यासक यांनी तिथल्या तीन वसाहतींची पाहणी केली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी.एम.जी.पी. कॉलनी. पहिल्या दोन दाटीच्या, तिसरी त्यामानाने मोकळी. क्षयाचे रुग्ण पहिल्या दोन वसाहतींत तिसरीपेक्षा कितीतरी जास्त आणि तिथेही खालच्या, अंधाऱ्या मजल्यांना धोका अधिक असे आढळले. घरे बांधताना उजेड आणि हवा यांचा हिशेब करा, असे त्यांनी सुचवले. शंभर वर्षांपूर्वीचे व्याख्यान त्यांनी वाचले असेल-नसेल, पण शिफारस तीच निघाली.

इथे एक इशारा द्यायला हवा, नाहीतर आपण पुन्हा दारावर वर्तुळे काढायला लागू. 1956मध्ये मद्रासला क्षयाच्या औषधोपचाराचे केंद्र निघाले. तिथे रोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियमची हवा आणि पौष्टिक अन्न, दुसऱ्याला दाटीच्या घरीच ठेवून फक्त गोळ्या. 1959मध्ये निकाल आला, दोन्ही गटांचे गुण येण्याचे प्रमाण सारखेच. घरातल्या माणसांनाही रोगी घरी राहिल्याने जास्त लागण झाली नाही. औषध नीट सुरू झाले की धोका झपाट्याने ओसरतो. खरी लागण होते ती त्याआधीच्या महिन्यांत, नुसता खोकला आहे म्हणून सगळे एका खोलीत झोपतात तेव्हा. म्हणून रोग्याला हलवण्याने फार साधत नाही. खिडकी मात्र निदान होण्याच्या आधीपासून काम करत असते.

आता थोडा हिशेब, कारण माझा धंदा तोच. मध्ये तीन मीटर अंतर असेल तर साडेत्रेसष्टच्या नियमाने इमारत सहा मीटर उंच चालेल. म्हणजे दोन मजले. सात मजले हवे असतील तर उंची सुमारे वीस मीटर आणि मध्ये दहा मीटर मोकळे लागेल. दुसऱ्या बाजूने पाहू. दिवाळीच्या सुमारास मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 56 अंशांवर असतो. फट पूर्व-पश्चिम असेल, तर दक्षिणेकडच्या इमारतीवरून येणारे ऊन समोरच्या भिंतीवर वरून सुमारे साडेचार मीटर खाली उतरेल. दीड मजला. डिसेंबरात सूर्य आणखी खाली जातो, तेव्हा सव्वातीन मीटर, एकच मजला.

कागदावरचा हिशेब ताडून पाहावा म्हणून गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन तिकडच्या एका वसाहतीत गेलो. दोन इमारतींमधल्या फटीत उभा राहिलो. वरून पाण्याचे थेंब पडत होते, पायाखाली प्लॅस्टिकचा थर. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि खालच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांत ट्यूबलाइट पेटलेल्या. कचरा आणि वास आत येऊ नये म्हणून बऱ्याच खिडक्यांना पत्रे ठोकलेले होते. टेपचे टोक भिंतीला लावले, आकडा वाचला, 2.95 मीटर. पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीचा पत्रा जरासा सरकला आणि एका बाईंनी खाली पाहिले.

‘‘कशाचं माप घेताय भाऊ? बिल्डिंग पाडणार का?’’

‘‘नाही ताई. उजेडाचं घेतोय.’’

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितले आणि बोट वर केले. ‘‘मग इथं काय करताय? वरच्या मजल्यावर जा. तिथं येतो थोडा वेळ.’’